प्रेक्षागारातून टिपलेला सामना

पावसच्या आमच्या जुन्या घरात माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक आहे. पावस हे रत्नागिरीच्या दक्षिणेचे, गौतमी नदीच्या काठचे गाव. स्वामी स्वरूपानंदांच्या समाधिस्थानामुळे त्याचे नाव महाराष्ट्रभर पोहोचले आहे. आमच्या लेखी मात्र ते जांभ्याच्या भिंतींचे, हापूसच्या कलमांचे आणि पावसाळाभर कपाटातल्या कपड्यांनाही ओल चढवणाऱ्या दमट हवेचे गाव आहे. एका मे महिन्यात कौले चाळून झाल्यावर आम्ही ती ट्रंक खाली उतरवली. आत बाप्तिस्म्याचे दाखले होते, मनीऑर्डरच्या पावत्या होत्या, तुटलेली एक रोझरी होती; आणि एका पाकिटात जेमतेम सहा सेंटिमीटर बाजूचे चौकोनी छायाचित्र होते.

छायाचित्रात करडे मैदान दिसते. उजवीकडे गोलचे खांब आहेत. मैदानावर माणसे आहेत, पण ती इतकी लहान की प्रथम आम्हांस ते कागदावर पडलेले डाग वाटले. पलीकडच्या कडेला काळ्या ठिपक्यांची रांग आहे, आणि अगदी खाली, चित्राच्या कडेवर, अंधुक डोकी. चेंडू कोठेही नाही. पाठीमागे कागद कोरा.

हे छायाचित्र आमच्या धाकट्या चुलत्यांनी काढलेले, एवढे घरात सर्वांना ठाऊक होते. ते तरुणपणी बोटीने मुंबईस गेले, गिरणीत लागले, गावकऱ्यांच्या खोलीत राहिले. रविवारची मिस्सा आणि फुटबॉलचा सामना या दोन गोष्टी त्यांनी सहसा चुकवल्या नाहीत, असे आमचे वडील सांगत. चुलते आज नाहीत. ते हयात असताना या चित्राविषयी त्यांना कोणी विचारले नाही; आम्हीही नाही. तेव्हा जे विचारायचे राहून गेले, ते त्या चित्रालाच विचारावे असे आम्ही ठरवले. प्रस्तुत लेख म्हणजे त्या चौकशीची हकिकत आहे, आणि ओघानेच प्रेक्षागारातून फुटबॉल टिपण्याच्या कलेचा थोडा इतिहासही आहे.

धावते जग स्थिर झाले

छायाचित्रणाच्या आरंभीच्या काळात धावत्या माणसाचे चित्र घेणे अशक्यच होते. समोरच्याला कित्येक सेकंद निश्चल बसावे लागे. 1871 साली रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज वैद्याने जिलेटिनच्या कोरड्या काचपट्टीची रीत जगापुढे मांडली, आणि पुढे तिच्यात सुधारणा होत जाऊन सेकंदाच्या लहानशा अंशात चित्र उमटू लागले. 1878 मध्ये एडवर्ड मायब्रिज याने कॅलिफोर्नियात ओळीने कॅमेरे मांडून धावता घोडा टिपला आणि घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीपासून सुटतात हे सिद्ध केले. जे डोळ्याला दिसत नव्हते ते कॅमेऱ्याने दाखवले.

तरीही खेळाची आरंभीची छायाचित्रे बहुतेक संघांचीच आहेत. 29 जुलै 1911 रोजी कोलकात्याच्या मोहन बागान संघाने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटचा 2–1 असा पराभव करून आय. एफ. ए. शील्ड जिंकली. गोऱ्या पलटणीवर अनवाणी हिंदी खेळाडूंनी मिळवलेला हा विजय देशभर गाजला. मैदानाजवळ पोहोचू न शकलेल्या हजारोंना पतंग उडवून गोलसंख्या कळवली जात होती, असे सांगतात. त्या दिवसाची आठवण म्हणून लोकांच्या मनात जे चित्र राहिले आहे ते सामन्याचे नव्हे, शील्डसह बसलेल्या अकरा खेळाडूंचे. त्या अकरांत बूट घालून खेळलेला एकच खेळाडू होता: सुधीर चटर्जी, धर्माने ख्रिस्ती. शिबदास भादुरी आणि अभिलाष घोष यांनी केलेले दोन गोल मात्र पाहणाऱ्यांच्या डोळ्यांबरोबरच गेले.

पुढे साधने झपाट्याने बदलली. 1925 साली लायका कॅमेरा बाजारात आला आणि खिशात मावणाऱ्या यंत्रात छत्तीस चित्रांचा रोल बसू लागला. 1954 मध्ये कोडॅकची ट्राय-एक्स ही जलद फिल्म लहान कॅमेऱ्यांसाठी मिळू लागली. ढगाळ दिवशीही पळत्या खेळाडूचे चित्र घेणे वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांना शक्य झाले. परंतु ही साधने महाग होती. गिरणी कामगाराच्या हाती येणारा कॅमेरा निराळा होता.

कूपरेजची गॅलरी

आमच्या चुलत्यांपाशी अग्फा क्लिक थ्री हा पेटीवजा कॅमेरा होता. 1960 नंतरच्या दोन-अडीच दशकांत आपल्याकडील असंख्य घरांतील पहिली छायाचित्रे याच कॅमेऱ्याने घेतली. एका रोलमध्ये बारा चौकोनी चित्रे. अंतर साधण्याची खटपट नाही, वेग बदलण्याची सोय नाही. सेकंदाच्या सुमारे तिसाव्या भागापुरते भिंग उघडे राहत असे. निगेटिव्हच्या आकाराचीच प्रत काढली तर खर्च कमी. ट्रंकेतील चित्राची बाजू सहा सेंटिमीटर का, याचे उत्तर येथे मिळाले.

माणसे एवढी लहान का, हेही गणिताने उलगडते. या कॅमेऱ्याचे भिंग सुमारे 72 मिलिमीटरचे. प्रेक्षागारापासून पन्नास मीटरवर उभा असलेला पावणेदोन मीटर उंचीचा खेळाडू त्याच्या फिल्मवर अवघा अडीच मिलिमीटर उंच उमटतो. तेथे 300 मिलिमीटरचे लांब भिंग लावले तर हाच खेळाडू सेंटिमीटरभर होईल. वृत्तपत्राचा छायाचित्रकार तसे भिंग घेऊन गोलच्या मागे बसे. गॅलरीतल्या माणसाला तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढ्या खेळाडूवर समाधान मानावे लागे.

आम्ही भिंग घेऊन पलीकडच्या काळ्या ठिपक्यांकडे पाहिले. त्या उघड्या छत्र्या होत्या. म्हणजे हा पावसाळ्यातला सामना. मुंबईत फुटबॉल हा पूर्वापार पावसाळी खेळ. आणि चुलत्यांच्या मुंबईत फुटबॉल म्हटले की पहिले नाव कूपरेजचे.

कूपरेज हे नाव पिंपे बनवणाऱ्या कारागिरांवरून पडले. फोर्टच्या दक्षिणेला, ओव्हल मैदानाच्या पलीकडे असलेल्या या जागेने मुंबईच्या फुटबॉलचे वैभव पाहिले. 1891 साली सुरू झालेल्या रोव्हर्स कप स्पर्धेत आरंभीची कित्येक वर्षे ब्रिटिश पलटणीच जिंकत. 1937 साली बंगलोर मुस्लिम्स या संघाने ती परंपरा मोडली. 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षे सय्यद अब्दुल रहीम यांच्या मार्गदर्शनाखाली हैदराबाद सिटी पोलीस संघाने हा चषक नेला. 1958 साली मुंबईच्याच कॅलटेक्स संघाने तो जिंकला.

टाटा आणि कॅलटेक्स या संघांकडून खेळणारे गोमंतकीय नेव्हिल डिसोझा यांचे नाव आपल्या वाचकांपैकी वडीलधाऱ्यांना सांगावयास नको. 1 डिसेंबर 1956 रोजी मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला 4–2 असे हरवले, त्यांतील तीन गोल नेव्हिल यांचे होते. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये एका सामन्यात तीन गोल करणारे ते पहिले आशियाई खेळाडू. भारत त्या स्पर्धेत चौथा आला. मुंबईत दूरदर्शन सुरू झाले ते 2 ऑक्टोबर 1972 रोजी. त्यामुळे 1956 साली मुंबईकरांना हा पराक्रम रेडिओ आणि वृत्तपत्रांतूनच कळला. परंतु तोच नेव्हिल मुंबईच्या मैदानात उतरला की तिकीट काढून गॅलरीत बसलेल्या माणसाला तो प्रत्यक्ष दिसे. आणि गळ्यात पेटी कॅमेरा असेल तर अडीच मिलिमीटरचा का होईना, पण घरी नेता येई. त्या काळी प्रेक्षागारातून फोटो काढण्यामागे ही ओढ होती.

रोव्हर्स कप 2000–2001 च्या हंगामानंतर बंद पडला. कूपरेजवर आता नैसर्गिक हिरवळीच्या जागी कृत्रिम गवत आहे. जुन्या गॅलरीत बसून पाहिलेल्या सामन्यांचे जे काही उरले आहे, ते बहुतांशी घराघरांतल्या अशा पाकिटांत आहे.

गोलमागची जागा आणि उंचावरची जागा

वृत्तपत्राच्या छायाचित्रकाराची जागा मैदानालगत, गोलरेषेच्या मागे. तेथून खेळाडूचा घाम दिसतो, ओरडण्यासाठी उघडलेले तोंड दिसते. दुसऱ्या दिवशीच्या अंकात छापायला तेच हवे असते. मात्र खालून पाहिले की मैदान चपटे होते. कोण कोणाच्या किती पुढे होता, पास कोठून निघाला, बचावफळीत फट कोठे पडली, हे कळत नाही. गॅलरीत उंचावर बसलेल्याला चेहरा दिसत नाही, पण खेळाची आखणी दिसते. म्हणूनच प्रशिक्षक आपल्या संघाचा खेळ तपासताना उंचावरून घेतलेले चित्रण मागवतात.

उंचीलाही मर्यादा आहेतच. 30 जुलै 1966 रोजी वेम्बली मैदानावर विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात इंग्लंडच्या जेफ हर्स्टने मारलेला चेंडू आडव्या खांबाला लागून खाली आदळला. तो रेषेपलीकडे पूर्ण गेला होता की नाही, यावर आजही वाद घातला जातो. हजारो लोकांनी तो पाहिला, कित्येक कॅमेऱ्यांनी टिपला. पण कॅमेरा रेषेच्या सरळ रोखात नसेल तर चित्र फसवते. 2014 च्या विश्वचषकात गोलचा निर्णय करण्यासाठी प्रत्येक गोलवर सात असे चौदा कॅमेरे उंचावर बसवण्यात आले. जे काम एका डोळ्याला झेपले नाही ते अनेक जागांवरच्या डोळ्यांनी मिळून केले. इतिहासाच्या साक्षीविषयीही हेच म्हणता येईल.

शाहू स्टेडियममधील धडा

चुलत्यांचे चित्र आणखी उलगडायचे तर त्यांच्यासारखे गॅलरीत बसले पाहिजे, असे आमच्या मनाने घेतले. पावसहून जवळचे फुटबॉलवेडे शहर म्हणजे कोल्हापूर. आंबा घाट चढून गेले की काही तासांत तेथे पोहोचता येते. तेथील संघांच्या नावांतच त्या शहराचा स्वभाव आहे: पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ. कुस्तीच्या आखाड्यांभोवती वाढलेल्या मंडळांनी तेथे फुटबॉल आपलासा केला. 2017 साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारतीय संघातून खेळलेला अनिकेत जाधव याच शहराचा.

शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर आम्ही नवा डिजिटल कॅमेरा घेऊन बसलो. पहिल्या अर्ध्या तासात दीडशेहून अधिक चित्रे घेतली. त्यांतली बहुतेक निकामी निघाली. गोल झाला त्या क्षणी पुढच्या चार ओळी एकदम उभ्या राहिल्या आणि आमच्या कॅमेऱ्यात आले ते एका गृहस्थाच्या सदऱ्याची पाठ. चेंडू जाळ्यात गेल्याचे आम्हांस चौकटीतून स्पष्ट दिसले, तेव्हा बटण दाबले. चित्रात चेंडू जाळ्यातून परत उसळून खाली पडलेला! जे दिसले ते टिपायला गेल्यास उशीर होतो. जे घडणार आहे त्यासाठी बोट आधीच तयार हवे. संध्याकाळ झाली तशी शेजारच्या एका मुलाने मोबाइलचा दिवा लावून फोटो घेतला. पुढच्या ओळीतली डोकी तेवढी उजळली. असा दिवा चार-पाच मीटरपलीकडे पोहोचत नाही, हे ठाऊक असूनही दर सामन्याला माणसे तो लावतात.

शेजारी बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी आमची तारांबळ पाहिली आणि म्हणाले, “चेंडूच्या मागं लागू नका. कॉर्नरला थांबा. तवा सगळी एका जागी येत्यात.”

त्या सल्ल्याने आमचे डोळे उघडले. खेळ धावता असताना चित्र घेणे कठीण, पण कॉर्नर किक, फ्री किक आणि पेनल्टी यांच्या वेळी खेळ क्षणभर थांबतो. कोण कोठे असणार हे आधी कळते. चेंडू येतो, दोन-तीन खेळाडू सरळ वर उडी घेतात, आणि उडीच्या माथ्यावर शरीर वर जायचे थांबलेले असते व खाली येऊ लागलेले नसते. पदार्थविज्ञानाचा हिशेब असा की त्या माथ्याच्या अलीकडे-पलीकडे मिळून सेकंदाच्या तिसाव्या भागात शरीर वर-खाली जेमतेम दीड मिलिमीटर सरकते. उलट सेकंदाला सहा मीटर वेगाने धावणारा खेळाडू तेवढ्याच वेळात वीस सेंटिमीटर पुढे जातो, आणि सेकंदाला पंचवीस मीटर वेगाने मारलेला चेंडू ऐंशी सेंटिमीटरांहून अधिक. सेकंदाच्या हजाराव्या भागात उघडझाप करणारा आजचा कॅमेरा हा चेंडूही जागच्या जागी धरू शकतो. पेटी कॅमेऱ्याला ते शक्य नव्हते.

चित्राने दिलेले उत्तर

पावसला परतल्यावर आम्ही तेच छायाचित्र पुन्हा भिंगाखाली धरले. गोलसमोर आठ-दहा खेळाडू दाटीने उभे होते. कडेने धावत येणारे दोघे पुसट होते. गोलरक्षक एक पाऊल पुढे आलेला. आणि त्या दाटीच्या मध्यभागी, इतरांच्या खांद्यांवर, दोन खेळाडू हवेत होते. त्या सबंध चित्रात सर्वांत रेखीव तेच दोघे होते. त्यांचे वर उचललेले हात, मागे दुमडलेले पाय, सारे अडीच मिलिमीटरांत स्वच्छ उमटले होते.

चेंडू दिसत नव्हता, कारण तो वेगात होता. त्याची पुसट रेघ त्या करड्या रंगात विरून गेली होती. पण तो कोठे असला पाहिजे, हे त्या दोन मस्तकांवरून निश्चित सांगता येत होते.

तेव्हा आम्हांस उमगले की हे चित्र योगायोगाने आलेले नाही. रोलमध्ये बाराच चित्रे. त्यांतली काही गावी पाठवायच्या मुलांच्या फोटोंसाठी राखलेली असणार. वेग बदलता न येणारा कॅमेरा, पावसाळी उजेड, पुढे डोकी. एवढ्या अडचणींत आमचे चुलते चेंडूच्या मागे लागले नाहीत. ते कॉर्नर किकची वाट पाहत थांबले, आणि दोघे उडीच्या माथ्यावर पोहोचताच त्यांनी कळ दाबली. पदार्थविज्ञान ते शिकले नव्हते. दर रविवारी गॅलरीत बसून त्यांनी ते डोळ्यांनी शिकून घेतले होते. घरात त्यांची ओळख ‘गिरणीतले काका’ एवढीच होती. ते इतके जाणते पाहणारे होते, हे आम्हांस त्यांच्या मृत्यूनंतर, एका डागाळलेल्या कागदावरून कळले. याचा आनंद वाटतो, आणि खंतही.

कोरी पाठ

खंत अशी की सामना कोणता, संघ कोणते, उडी घेणारे ते दोघे कोण, हे त्या चित्रातून निघत नाही. त्यासाठी पाठीमागे पेन्सिलीची एक ओळ पुरली असती. ती लिहायला अर्धे मिनिटही लागले नसते. आज ती कितीही खर्चून मिळणार नाही.

वाचकहो, हा प्रश्न आमच्या एका घरापुरता नाही. आपल्या धर्मग्रामांत चर्चच्या पटांगणावर, शाळेच्या मैदानावर, भाताची कापणी झालेल्या शेतांत पिढ्यान्‌पिढ्या फुटबॉल खेळला गेला. सणाच्या दिवशी विवाहित विरुद्ध अविवाहित असे सामने रंगले. त्यांची नोंद कोणत्याही वृत्तपत्राने घेतली नाही आणि घेणारही नव्हते. बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू यांची नोंद चर्चच्या वहीत सापडते; पण माणूस हसला कसा, धावला कसा, कोणाच्या गोलसाठी त्याने छत्री हवेत फेकली, याची वही कोठेच नाही. ती वही म्हणजे आपल्या घरातील ही छायाचित्रे होत. त्यांना आज दोन शत्रू आहेत: एक कोकणातली ओल, दुसरा आपला आळस.

ओलीवर उपाय आहे. प्लास्टिकच्या अल्बममध्ये चिकटून बसलेली चित्रे ओढून काढू नयेत. सुटी चित्रे साध्या कागदाच्या पाकिटांत, जमिनीपासून उंच, बाहेरच्या भिंतीला न टेकणाऱ्या कपाटात ठेवावीत. निगेटिव्ह मिळाल्यास ती फेकू नयेत. प्रतीपेक्षा त्यांत अधिक तपशील असतो. पाठीमागे लिहावे ते मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने. बॉलपेनची शाई पुढे उमटते. मोबाइलमध्ये चित्रांची प्रत काढून ठेवावी, पण मूळ चित्र टाकून देऊ नये.

आळसावर उपाय एकच. घरातील सर्वांत वयस्क माणसापाशी या रविवारी ती चित्रे घेऊन बसावे आणि विचारावे: हे कोण, हे कोठे, हे केव्हा?

आजच्या तरुणांनाही आमचे सांगणे आहे. तुम्ही सामन्याला जाता तेव्हा एका दुपारी शेकडो चित्रे घेता. ती यंत्र बदलताच नाहीशी होतात. आमच्या चुलत्यांनी बारांतील एक चित्र सामन्याला दिले, ते कित्येक दशके टिकले. तुम्ही शेकड्यांतून पाच निवडा. त्यांची कागदावर प्रत काढा. मागे तारीख, मैदान, संघ आणि दिसणाऱ्यांची नावे लिहा. आणि गॅलरीत बसला असाल तर एक चित्र मैदानाकडे पाठ फिरवून, प्रेक्षकांचेही घ्या. मुलांची चित्रे घ्यायची तर त्यांच्या वडीलधाऱ्यांना विचारून. गोल कोणी केला हे कदाचित वर्तमानपत्रात सापडेल. तो पाहायला तुमच्या शेजारी कोण बसले होते, हे तुमच्याखेरीज कोणी सांगणार नाही.

आम्ही ते छायाचित्र नव्या पाकिटात घातले. त्याआधी पाठीमागे पेन्सिलीने, जेवढे चित्राने आणि घराने सांगितले तेवढेच लिहिले: “पावसाळ्यातील सामना, बहुधा मुंबई, कूपरेज. कॉर्नर किक. गॅलरीतून.” त्याखाली चुलत्यांचे पूर्ण नाव लिहिले. ते लिहिताना लक्षात आले की घरातील पुढच्या पिढीला ते नाव ठाऊकच नव्हते. आता ते त्यांना ठाऊक आहे.